सदा तांडेलांची झोप आणि माझी सात नंबरची वाटी

माझ्या धंद्यात गिऱ्हाइकाला झोप लागली की काम फत्ते. शाळामास्तराने असं म्हटलं तर त्याची बदली होईल, कीर्तनकाराने म्हटलं तर पुढच्या वर्षी त्याला कोणी बोलावणार नाही. मी मात्र रोज दुपारी चार वाजता देवबागात आठ-दहा धडधाकट माणसांना चटईवर आडवं करतो, त्यांच्यामधून अनवाणी फिरत काशाच्या वाट्या वाजवतो, आणि पंधराव्या मिनिटाला एखाद्याचा जबडा सैल पडलेला दिसला की मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतो.

त्याआधी तीस वर्षं मी नेमकं उलटं काम केलं. दशावतारी कंपनीत मी झांज वाजवायचो. प्रेक्षक पेंगायला लागले की पेटीवाला माझ्याकडे बघून मान हलवायचा. मग मी अशी काही झांज आपटायचो की शेवटच्या रांगेतले म्हातारेसुद्धा ताठ बसून शेजाऱ्याला विचारायचे, "काय झाला? कोण मेलो?" तेव्हा ज्यांच्या झोपा मोडल्या त्यांचीच पोरं आता माझ्याकडे झोपायला येतात, असं माझी बायको शालन येईल त्या पाहुण्याला सांगते आणि पाहुण्याच्या आधी स्वतःच हसत सुटते.

मला या कामात ओढलं माझ्या भाचीने, सायलीने. मुंबईची नोकरी सोडून ती देवबागला आली, समुद्र आणि खाडी यांच्या मधल्या त्या चिंचोळ्या वाळूच्या पट्टीवर आजोळच्या माडांत तिने चार खोल्यांचं होमस्टे काढलं, आणि एक दिवस सात लहानमोठ्या वाट्या घेऊन धामापूरला माझ्या अंगणात येऊन बसली.

"मामा, ह्यो वाजवूच्यो. पाव्हणे झोपतत."

"वाटयो वाजवन? माका वाटला, वाटयेतला खाल्ल्यार झोप येता."

"तुझो हात तालात आसा. तुका जमतला."

पहिल्या दिवशी मी सवयीप्रमाणे पहिला ठोका दिला. पुण्याच्या एक बाई छातीवर हात धरून उठून बसल्या. सायली माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मामा, हय राक्षस येवचो नाय आसा! हळू!"

हळू वाजवायला शिकायला मला सहा महिने लागले. ज्या हाताने जन्मभर जोर केला त्याला जोर काढून घ्यायला शिकवणं फार कठीण असतं. तो हात रुसतो.

आता हे काम म्हणजे काय ते साध्या शब्दांत सांगतो, कारण लोकांना वाटतं मी काहीतरी मंत्रतंत्र करतो. काशाची वाटी आपल्याला नवी नाही. उन्हाळ्यात आई तळपायाला तूप लावून तीच घासायची. ही वाटी जरा जाड, बसकी. लोकर गुंडाळलेल्या दांडीने तिला हळूच टोचलं की ती गुणगुणते. वाटीत पाणी घालून वाजवली तर पाण्यावर बारीक काटा येतो. माणसाच्या पाठीवर ठेवून वाजवली तर तोच काटा त्याच्या हाडांतून फिरतो. आवाजाचा निम्मा भाग कान ऐकतो, उरलेला पाठ, बरगड्या आणि दाढा ऐकतात. माणसाचं लक्ष त्या गुणगुणीमागे जातं, ती विरते, लक्षही तिच्याबरोबर विरतं, आणि खांदे खाली येतात. एवढंच. यात कुठला रोग बरा होत नाही. सुरुवातीलाच मी विचारतो: छातीत मशीन बसवलंय का, फिट येते का, दिवस गेलेत का, हल्लीच ऑपरेशन झालंय का. यातल्या कशालाही हो म्हटलं तर त्या माणसाला मी सोलकढी पाजतो आणि लांब बसवतो. एकदा कणकवलीकडच्या एका गृहस्थांनी मला विचारलं, "चुलतभावाने बांध सरकवलाय, त्यासाठी कुठली वाटी?" मी म्हटलं, त्यासाठी तलाठी. तरीही ते झोपले, आणि उठल्यावर म्हणाले, "सरकवू दे मेल्याला, हातभरच तर आहे." पण ते श्रेय मी घेत नाही. त्या दिवशी जेवणात सुरमई होती.

आता सदा तांडेलांकडे येतो, कारण माझ्या या कामात मी सगळ्यात मोठी चूक त्यांच्याच घराच्या बाबतीत केली आणि सगळ्यात जास्त हसलोही तिथेच.

सायलीच्या स्वयंपाकघरात सुमती वहिनी दुपारपर्यंत मासे करायला येत. उंच, काटक बाई. आवाज इतका खर्जातला की फोनवर लोक त्यांना "साहेब" म्हणत. म्हणून त्या कमी बोलत. चार वर्षांमागे एका सकाळी मासे साफ करता करता त्या मला म्हणाल्या, "भाऊ, माझ्या घोवाक वायच झोपवशात काय?"

सदा तांडेल त्यांचे यजमान. अडतीस वर्षं मालवाहू बोटींच्या इंजिनरूममध्ये तेलवाल्याचं काम केलेला माणूस. तेलवाला म्हणजे अजस्र इंजिनाच्या भोवती फिरत त्याला तेल देणारा, हात लावून त्याचा ताप बघणारा. त्याच्या आठ महिने आधी ते निवृत्त होऊन कायमचे घरी आले होते, आणि घरात त्यांना झोप येत नव्हती. अजिबात नाही. बाहेर मात्र कुठेही यायची, फक्त तिथे काहीतरी यंत्र घरघरत पाहिजे. भाताच्या गिरणीत ते चटई घेऊन जात आणि पोत्यांमध्ये तासभर गाढ झोपत. गिरणवाल्याने शेवटी पाटी लावली: "येथे झोपू नये." मग ते मालवणच्या एसटीत बसू लागले. जाऊन येईपर्यंत झोप. कंडक्टरला पाठ झालं होतं, तो तिकीट फाडून थेट त्यांच्या खिशातच ठेवी. एकदा शेजाऱ्याचा पाण्याचा पंप सुरू होता, तर पंपाच्या खोपटीत त्यांचे दोन पाय बाहेर आलेले बघून शेजारीण किंचाळत गावभर धावली होती.

हे सगळं ऐकताना मी हसत होतो. वहिनी हसत नव्हत्या.

"भाऊ, तेंका परत नोकरी इली. खंयच्या बंदरात गाळ काढूची बोट आसा, थय. एजंटाचो फोन रोज येता. हे म्हणतत, जातंय, थय झोप तरी लागतली." त्यांनी कोयता खाली ठेवला. "छत्तीस वर्सां मी बोटीची बायल होतंय. आता माणसाची होवया म्हटला, तर माणूस परत चल्लो."

महिनाअखेरीला निघायचं होतं. हातात तीन आठवडे होते. मी छाती फुगवून म्हटलं, "वहिनी, सोमवारी घेवन येवा."

सोमवारी सदाभाऊ आले. बुटके, रुंद, पांढऱ्या मिशा, कान निम्मे गेलेले, त्यामुळे बोलणं कायम वाऱ्यावर ओरडल्यासारखं. त्या दिवशी चटयांवर आठ पाहुणे होते. मी मोठ्या वाट्यांनी सुरुवात केली. सदाभाऊ माडांतल्या त्या वाट्यांच्या झोपडीच्या कौलांकडे डोळे लावून पडले होते आणि बोटांनी चटईवर टकटक करत होते. वीस मिनिटं गेली. बाकीचे विरघळले, हे टकटकतायत. मला वाटलं, कान निम्मे आहेत, जरा उंच आवाज देऊन बघू. मी सर्वांत लहान वाटी घेतली आणि तिच्यावर भराभर बारीक ठोके दिले.

सदाभाऊ चटईवरून जे उडाले ते थेट दोन पायांवर.

"फायर! सगळे वर! डेकार चला! जीव प्यारो आसा तर धावा!"

आता निम्म्या झोपेत असलेल्या माणसाला असा हुकूम मिळाला तर तो विचार करत नाही. पाहुणे धावले. एका बाईंनी पळता पळता माझी चार नंबरची वाटी हेल्मेटसारखी डोक्यावर धरली होती. सदाभाऊंनी सगळ्यांना समुद्राकाठी वाळूत रांगेत उभं केलं आणि मोजायला सुरुवात केली. सात भरले. "एक कमी आसा!" असं ओरडून ते परत आत धावले आणि सोलापूरचे एक निवृत्त बँक मॅनेजर, जे एवढ्या गोंधळातही झोपलेलेच होते, त्यांना खांद्यावर टाकून बाहेर घेऊन आले. मॅनेजर वाळूत जागे झाले, समोर समुद्र, आजूबाजूला धापा टाकणारी माणसं, आणि ते शांतपणे म्हणाले, "फारच छान वाटलं हो."

मागाहून सदाभाऊ शरमून म्हणाले, "बोटीर घंटी अशी वाजली म्हणजे एकच अर्थ, भाऊ. धावूचा."

"आणि बोटीवर झोप कशी लागायची? इंजिन तर डोक्याखालीच."

"डोक्याखाली आसा म्हणान तर! इंजिन चालू म्हणजे सगळा बरा. इंजिन बंद पडला, आवाज थांबलो, की झोपलेलो माणूस धडपडान उठता. शांत झाला म्हणजे काय तरी बिघाडला." ते माझ्याकडे बघत राहिले. "आमच्या घरात सगळा शांत आसा. माझो जीव उठान उठान बघता, काय बिघाडला."

हे ऐकून मला वाटलं, सापडलं! माणसाला गुणगुण नको, घरघर पाहिजे. मी आमच्या कंपनीतला जुना पखवाजवाला बोलावला. सदाभाऊंना लाकडी बाकावर झोपवलं, पखवाजाच्या डाव्या तोंडाला मऊ कणीक थापली, म्हणजे धुमधुम खोल येते, आणि पखवाजवाल्याला बाकाखाली घातलं. तो खालून धुम धुम धुम धुम. सदाभाऊ वरून डोळे मिटून हुकूम सोडतायत: "स्पीड कमी आसा! ... आता जास्त झाला! ... दोन नंबरचो सिलिंडर मिस मारता!" पखवाजवाला शेवटी बाकाखालून बाहेर आला, कणकेचे हात धुतले आणि म्हणाला, "मी आजवर मॉप नट सांभाळलंय. ह्येच्याएवढो कोण नाय." तो निघून गेला. माझे आठ दिवस गेले.

त्या शुक्रवारी सुमती वहिनी स्वतः दुपारी थांबल्या. म्हणाल्या, "मी बाजूक बसलंय तर तेंका धीर येयत." सायलीने त्यांनाही चटई दिली. सकाळपासून चुलीपुढे उभी असलेली बाई, पाठ टेकल्यावर काय होणार? मी सात नंबरची, सर्वांत मोठी वाटी वाजवत होतो. ती वाजवून मी जरा पाणी प्यायला थांबलो आणि झोपडीत एक आवाज सुरू झाला.

मी पुष्कळ घोरणी ऐकली आहेत. नाटकमंडळीत तंबूत झोपलेला माणूस त्या बाबतीत पंडित असतो. पण हा आवाज निराळा. सुरुवातीला खोल घर्रर्र, मग क्षणभर थांबून तेवढ्याच लांबीचा सुस्कारा, पुन्हा घर्रर्र. एकसारखा. चटईखालच्या फळ्या बारीक थरथरत होत्या. पाहुणे डोळे उघडून एकमेकांकडे बघू लागले. एका तरुणाने उशी तोंडात कोंबली. एक हसली, मग दुसरी हसली.

खरं तर मी काय करायला हवं होतं? काहीच नाही. पण माझ्यातला झांजवाला जागा झाला. आपला खेळ कोणीतरी बिघडवतंय, एवढंच मला दिसलं. मी वहिनींच्या कानाशी गेलो आणि लहान वाटीवर एक टण्णकन ठोका दिला.

वहिनी दचकून उठल्या. हसणाऱ्या चेहऱ्यांकडे त्यांनी पाहिलं, काय झालं ते त्यांना कळलं, पदर सावरला आणि कोणाकडे न बघता त्या बाहेर गेल्या. हे लिहितानासुद्धा माझे कान गरम होतात.

आणि नेमकं त्याच वेळी सदाभाऊ उठून बसले, चेहरा असा की जणू लॉटरी लागली.

"मी झोपलेलंय! अरे, मी झोपलेलंय! कोणी बघितला काय?" त्यांनी मला मिठी मारली. "खंयची वाटी होती ती?"

"सात नंबर," मी म्हणालो. आणि देवाशपथ सांगतो, वहिनी मी साफ विसरलो. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी झुकून नमस्कारसुद्धा केला.

पुढचे पाच दिवस मी सदाभाऊंवर सात नंबर वाजवली. पोटावर ठेवून, पाठीवर ठेवून, उशाशी, पायथ्याशी. एकदा त्यांच्या डोक्यावर पालथी घातली. डोळा लागला नाही. वहिनी सायलीकडे मागच्या दाराने येत होत्या, मासे करत होत्या आणि माझ्याशी बोलत नव्हत्या. नवऱ्याच्या बॅगेत मात्र त्यांनी इस्त्रीचे कपडे भरायला घेतले होते, असं सायलीने मला सांगितलं.

बुधवारी सायलीने मला स्वयंपाकघरात बोलावलं. होमस्टेच्या जाहिरातीसाठी तिने त्या शुक्रवारी कोपऱ्यात मोबाईल लावून ठेवला होता. "मामा, ह्या बघ." पडद्यावर सदाभाऊंची बोटं चटईवर टकटक करतायत. मी सात नंबर वाजवतोय. टकटक चालूच. मग मी वाटी खाली ठेवून तांब्या तोंडाला लावतो. वहिनींचं घर्रर्र सुरू होतं. दुसऱ्या श्वासाला बोटं मंदावतात. पाचव्या श्वासाला थांबतात. सदाभाऊंची मान कलते. पूर्ण चार मिनिटं तो माणूस मेल्यासारखा झोपलाय. मग मी वहिनींना उठवतो, घोरणं थांबतं, आणि त्याच क्षणी त्यांचे डोळे उघडतात.

सायली माझ्याकडे बघत म्हणाली, "मामा, तुझी सात नंबरची वाटी म्हणजे सुमतीकाकी."

मी हसू लागलो, आणि हसता हसता तिथेच पाटावर बसलो. कारण मग लक्षात आलं की आता जाऊन माफी मागायची आहे.

तांडेलांचं घर खाडीच्या अंगाला. वहिनी अंगणात सुंगटां, म्हणजे कोळंबी, वाळत घालत होत्या. मी म्हटलं, "वहिनी, माझा चुकला. लोकांपुढे तुमका तसा उठवूक नको होता."

त्या हात चालवत राहिल्या. मी सगळं सांगितलं, मोबाईलमधलंसुद्धा. म्हटलं, "तुमी घोरल्यात की ते झोपतत. एका खोलयेत झोपा. दुसरा काय औषध नाय."

तेव्हा त्या बोलल्या, आणि इतक्या वर्षांचा दाबलेला तो खर्जातला आवाज अंगणभर घुमला. "घोरू? परत घोरू? लग्न झाला तेव्हा सासू सगळ्या बायकांत म्हणाली, माझ्या झिलान बायल हाडली की बोटीचा इंजिन? अख्खी वाडी हसली. त्या दिवसापासून हे सुट्टीर येयत तेव्हा मी माजघरात दार लावन झोपलंय. दर सुट्टीक. छत्तीस वर्सां. आता म्हातारपणी परत हसा करून घेवू?"

आमच्या मागे दारात सदाभाऊ उभे होते. खांद्यावर पंचा. कान निम्मे असले तरी हा आवाज त्यांना पोचला होता.

"म्हणान तू दार लावी होतंस?" ते म्हणाले. नेहमीचं ओरडणं नव्हतं. "माका वाटला, तुका माझ्या अंगाचो तेलाचो वास सोसणा नाय."

वहिनींच्या हातातलं सूप कलंडलं. "कसलो वास?"

"इंजिनाच्या तेलाचो. मी दर सुट्टीक घरात येवच्या आधी तीन-तीनदा आंघोळ करी. बोटीर असतानाच साबण घेवन ठेवी, वासाचो. तरी तू दार लावलस की वाटायचा, अजून वास गेलो नाय."

मी वाळत घातलेल्या सुंगटांकडे बघत राहिलो. छत्तीस वर्षं एक माणूस घोरण्याच्या लाजेने दाराच्या आत आणि दुसरा वासाच्या लाजेने दाराच्या बाहेर. मग वहिनींच्या तोंडून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. पोटापासून, भांडी घासल्यासारखं खरखरीत हसत होत्या. "तीन-तीनदा! आणि मी म्हणी, बोटीर पाणी नसता की काय, घरात इल्यार माणूस न्हाणीतच रवता!" सदाभाऊही हसू लागले आणि मग मीही, आणि आमच्या तिघांच्या हसण्यात सगळी सुंगटां मांजराने नेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोग ठरला. फणसाच्या लाकडाची जुनी रुंद खाट, दोघं तिच्यावर, आणि मी भिंतीशी माझ्या वाट्या घेऊन. पण आता वहिनींना झोप येईना.

"तुमी दोघे असे टकामका बघत बसल्यार माका झोप कशी येतली?"

मी भिंतीकडे तोंड केलं. सदाभाऊंनी डोळ्यांवर पंचा घेतला. मी सात नंबरला हात घातला आणि या कामात शिकलेलं सगळं हळूपण त्यात ओतलं. एक ठोका, तो पुरता विरेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. दहा मिनिटं. पंधरा. आणि मग आला. घर्रर्र.

मी खाटेच्या पायावर तळवा ठेवून पाहिला. लाकूड गुणगुणत होतं. वरून सदाभाऊंचा अगदी बारीक आवाज आला, "स्लो अहेड." म्हणजे बोट हळूहळू पुढे. त्यानंतर त्यांचा श्वास लांबला.

आता माझी पंचाईत अशी की मला जाता येईना. दार करकरायचं. वाट्या उचलल्या तर एकमेकींवर वाजतील. मी भिंतीला टेकून बसून राहिलो. थोड्या वेळाने फळीवरचा सदाभाऊंचा मोबाईल थरथरू लागला. एजंट. मी झेप घेऊन तो पकडला आणि मांडीवरच्या पंच्यात गुंडाळून वर बसलो. त्याने पाच वेळा फोन केला. पाचही वेळा मी कोंबडीसारखा त्याच्यावर बसून होतो, हसू आवरण्यासाठी मिशी चावत.

उन्हं खिडकीतून खाटेवर आली, मग भिंतीवर चढली. सहाच्या सुमाराला सदाभाऊंनी डोळे उघडले. छपराकडे पाहिलं. मग मान वळवून शेजारी पाहिलं. वहिनी तोंड उघडं टाकून निवांत घोरत होत्या. ते तसेच बघत राहिले, इतका वेळ की मी नजर फिरवली.

मग ते हळूच उठले, माझ्याकडून फोन घेतला, सुटलेले पाच कॉल पाहिले, उंबऱ्यात जाऊन नंबर लावला आणि ऑफिसातलं मराठी काढलं.

"नमस्कार साहेब, तांडेल बोलतोय. नाही, मला येता येणार नाही. तब्येत उत्तम आहे. मला इथेच ड्युटी लागली आहे." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. सदाभाऊंनी आत एकदा वळून पाहिलं. "हो साहेब. कायमची रात्रपाळी."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. मी तोंड उघडणार, एवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. माझ्या वाट्या एकेक करून स्वतः पंच्यात गुंडाळल्या, एकही वाजू न देता. करकरणारं दार दोन्ही हातांनी वर उचलून धरून उघडलं, मला बाहेर काढलं आणि तसंच उचलून लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज मी ऐकला. या वेळी दोघंही दाराच्या एकाच बाजूला होती.